निर्जंतुक रोप, जिवंत माती

उतिसंवर्धित केळीचे रोप प्रयोगशाळेतून रोगमुक्त येते. पण एकटे येते. मुळाशी राहून त्याला पोसणारे आणि राखणारे सूक्ष्मजीव त्याच्यासोबत नसतात. चक्रीवादळातून सावरू पाहणाऱ्या रायगडच्या वाड्यांसाठी ही उणीव भरून काढणे शक्य आहे. मात्र ते काम एकट्या बागायतदाराच्या माथी मारून भागणार नाही.

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांतील माड आणि पोफळी काही तासांत आडव्या केल्या. घराचे छप्पर दोन-चार महिन्यांत पुन्हा घालता येते. माडाचे तसे नसते. नवे रोप लावल्यापासून नारळ हाती येईपर्यंत सहा-सात वर्षे जातात, आणि पोफळीलाही जवळजवळ तितकाच धीर धरावा लागतो. वडिलांनी लावायचे आणि मुलाने खायचे, असा ज्या पिकाचा हिशेब, ते पीक एका दुपारी गेले तर मधल्या वर्षांत घर कशावर चालवायचे, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. पुढच्या प्रत्येक वादळानंतर तो पुन्हा उभा राहणार आहे.

या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग वाडीतच आहे. अष्टागरातील किंवा श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाडीची रचना मजल्यामजल्यांची असते. वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीवर चढलेली मिरवेल किंवा पानवेल, मध्येच एखादे जायफळ आणि या साऱ्यांच्या सावलीत, पाटाच्या कडेने केळी. या रचनेत केळीचे स्थान नेहमीच दुय्यम राहिले. मात्र वरचे मजले कोसळतात तेव्हा अकरा ते चौदा महिन्यांत घड देणारे, कोवळ्या माड-पोफळीला सावली देणारे आणि तोडणीनंतर खोड-पाने जागच्या जागी कुजवून मातीला परत देणारे दुसरे पीक किनाऱ्यावर सहज सापडत नाही. ही मधली वर्षे पार पडली तर वाडी वाडी राहते. ती पार पडली नाहीत तर काय होते, हे मुंबईकर वाचकाला वेगळे सांगायला नको. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा १५ मार्च २०२० रोजी सुरू झाली, म्हणजे वादळाच्या जेमतेम अकरा आठवडे आधी. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि अंतर आणखी घटले. उत्पन्न थांबलेल्या वाडीला बंगल्यासाठी गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. ते दारात उभेच असते.

म्हणूनच या मधल्या काळात लावायची केळ कोठून आणि कशी आणायची, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

पारंपरिक पद्धतीत जुन्या केळीच्या बुंध्याशी फुटलेला मुनवा खणून काढतात आणि नव्या जागी लावतात. त्याला पैसे फारसे पडत नाहीत. पण प्रत्येक मुनव्याचे वय आणि कंदाचे वजन वेगळे असल्याने घडही मागेपुढे येतात, आणि मुनव्याच्या मुळांना चिकटून आलेल्या मातीतून सूत्रकृमी, कंद पोखरणारी अळी व मर रोगाची बुरशीही नव्या जागेत येते. उतिसंवर्धनाने या दोन्ही अडचणींवर तोड काढली. निवडक मातृवृक्षाच्या कंदातील वाढबिंदू काढून, तो पोषक माध्यमावर वाढवून, त्यापासून एकसारखी शेकडो रोपे तयार करायची, हे ते तंत्र. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने वनस्पतींच्या उतिसंवर्धनात देशात आरंभीचे काम केले, आणि १९९० च्या दशकापासून 'ग्रँड नैन' या जातीच्या उतिसंवर्धित रोपांनी जळगावच्या केळीचे रूप पालटले. आज भारत तीन कोटी टनांहून अधिक केळी पिकवतो आणि जगात पहिल्या क्रमांकावर आहे. त्यात या रोपांचा वाटा मोठा आहे.

मात्र या तंत्राचे यश ज्या गुणावर उभे आहे, त्यातच त्याची उणीव दडलेली आहे. हा गुण म्हणजे निर्जंतुकता. माध्यम १२१ अंश सेल्सिअस तापमानाला दाबाखाली निर्जंतुक केले जाते, वाढबिंदू रसायनांनी धुतला जातो, आणि पुढचे काही महिने रोप बाटलीत वाढते. तेथे त्याला साखर आयती मिळते, हवा दमट असते, प्रकाश मंद असतो. परिणामी पानांवरचे मेणाचे आवरण पातळ राहते, पर्णरंध्रे वेळेवर मिटण्याची सवय लागत नाही आणि मुळे दुबळी राहतात. बाटलीतून बाहेर काढल्यावर रोपाला आधी हरितगृहातील ट्रेमध्ये आणि मग शेडनेटखालच्या पिशवीत काही आठवडे ठेवून बाहेरच्या हवेची सवय लावतात. या टप्प्याला रोपवाटिकांच्या भाषेत हार्डनिंग म्हणतात. येथे रोपे दगावतात, आणि जी शेतात जातात त्यांतील काही पहिल्याच उन्हात माना टाकतात.

हे झाले दिसणारे दुबळेपण. न दिसणारे दुबळेपण असे की, या रोपाला सोबत नसते. निसर्गात कोणतीही वनस्पती एकटी वाढत नाही. मुळांच्या पृष्ठभागावर, मुळांभोवतीच्या मिलिमीटरभर मातीत आणि खुद्द पेशींच्या फटींतही जिवाणू व बुरशी वस्ती करून असतात. मुळे त्यांना साखर पुरवतात आणि बदल्यात ते अन्नद्रव्ये, वाढीची संप्रेरके आणि रोगांपासून संरक्षण देतात. बुरशी आणि मुळे यांच्या या भागीदारीला जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ मध्ये मायकोरायझा हे नाव दिले. जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पती या भागीदारीवर जगतात, आणि ती सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही आढळते. मुनव्यासोबत येणाऱ्या मातीत शत्रू असतात तसे हे मित्रही असतात. प्रयोगशाळा शत्रूंना गाळते तेव्हा मित्रही गळतात.

रायगडच्या किनाऱ्यावर ही उणीव अधिक जाणवण्यासारखी आहे. त्याची कारणे तेथील मातीत आणि पाण्यात आहेत. डोंगरउताराच्या जांभ्या जमिनीत लोह व ॲल्युमिनिअमची संयुगे विपुल असतात. ती स्फुरदाला घट्ट पकडून ठेवतात. खतातून घातलेल्या स्फुरदाचा मोठा भाग असा अडकून पडतो आणि मुळांना मिळत नाही. समुद्रालगतची पुळणवट जमीन याच्या नेमकी उलट. तिच्यात अन्नद्रव्य टिकतच नाही. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस विद्राव्य नत्र व पालाश धुऊन नेतो. उन्हाळ्यात मात्र चैत्र-वैशाखापर्यंत किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी मचूळ होऊ लागते, आणि केळीला क्षार मुळीच सोसत नाहीत. शिवाय केळीची बहुतेक मुळे वरच्या फूटभर थरातच असतात. म्हणजे अन्नपाण्याचा शोध घ्यायला ज्याचा पल्ला मुळात थोडा, असे पीक अशा जमिनीत उभे राहायचे आहे.

येथे प्रत्येक सूक्ष्मजीवाचे काम निराळे आहे. मायकोरायझाचे तंतू मुळांवरच्या केसांहूनही कितीतरी बारीक असतात. मुळे जेथे पोहोचत नाहीत तेथून ते स्फुरद व जस्त आणून देतात, आणि रोपाचा पाण्याचा पल्लाही वाढवतात. स्फुरद विरघळविणारे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून अडकलेला स्फुरद मोकळा करतात. अझोस्पिरिलम हवेतील थोडे नत्र स्थिर करतो. पण त्याहून त्याचे मोठे काम असे की, संप्रेरके निर्माण करून तो मुळांची संख्या वाढवतो. स्यूडोमोनास लोह आपल्याकडे ओढून घेऊन रोगकारक बुरशीची उपासमार करतो. ट्रायकोडर्मा ही बुरशी तर दुसऱ्या बुरशीवर थेट हल्ला करते. काही जिवाणू क्षारांच्या ताणाखाली रोपात वाढणाऱ्या इथिलीनचा मूळ घटक मोडून टाकतात, त्यामुळे मुळांची वाढ खुंटत नाही. खाऱ्या पाण्याच्या शेजारी असलेल्या वाडीसाठी हा शेवटचा गुण विशेष मोलाचा आहे.

हे सारे कागदावरचे आहे काय? तसे म्हणता येत नाही. उतिसंवर्धित केळीच्या रोपांना हार्डनिंगच्या काळातच हे सूक्ष्मजीव दिल्यास मुळांचा पसारा, पानांची संख्या आणि तग धरण्याचे प्रमाण वाढते, असे भारतासह अनेक देशांतील प्रयोगांत दिसून आले आहे. पूर्व आफ्रिकेत आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रोग न करणाऱ्या फ्युजेरियम बुरशीची वस्ती रोपांच्या मुळांत करवून सूत्रकृमींना आळा घालण्याचे प्रयोग केले. पण त्याच भागातून एक इशाराही मिळाला आहे. केनियात बाजारातील तयार सूक्ष्मजीव-उत्पादने उतिसंवर्धित केळीवर वेगवेगळ्या मातींत तपासली गेली. तेव्हा सर्व उत्पादने सारखी ठरली नाहीत आणि एकाच उत्पादनाचा परिणाम मातीगणिक बदलला. यात नवल नाही. स्फुरद भरपूर असलेल्या जमिनीत वनस्पती मायकोरायझाला फारशी दारे उघडतच नाही. जे जवळ आहे त्यासाठी साखर कशाला खर्चायची, असा तिचा रोकडा व्यवहार असतो. तेव्हा 'अमुक जिवाणू वापरा आणि उत्पादन इतके टक्के वाढवा' अशा जाहिरातींकडे संशयानेच पाहिले पाहिजे.

या विषयाला निकड आणली आहे ती मर रोगाने. 'पनामा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यास 'ग्रो मिशेल' ही जात जागतिक बाजारातून उठवली. तिच्या जागी आलेल्या कॅव्हेंडिश गटावर आता या बुरशीचा टीआर-४ हा नवा प्रकार चालून आला आहे. भारतात तो प्रथम बिहारच्या कटिहार भागात आढळला आणि त्यानंतर उत्तर प्रदेश, गुजरात, मध्य प्रदेश येथूनही त्याच्या नोंदी झाल्या. ग्रँड नैन ही कॅव्हेंडिश गटातलीच जात आहे. जमिनीत एकदा शिरलेली ही बुरशी दशकानुदशके राहते आणि तिच्यावर खात्रीचे रासायनिक औषध नाही. लखनौ येथील केंद्रीय संशोधन संस्थांनी ट्रायकोडर्मा गटातील बुरशीवर आधारलेले 'फ्युसिकाँट' हे जैविक उत्पादन याच रोगासाठी विकसित केले. रोगमुक्त रोप हा पहिला बचाव, यात शंका नाही. पण मुळाशी कोणीही राखणदार नसलेले रोगमुक्त रोप दूषित जमिनीत लावणे म्हणजे किल्ल्याचा तट धुऊनपुसून स्वच्छ करायचा आणि पहारा मात्र उठवायचा, असेच होय.

मग अडते कोठे? अडते ते सूक्ष्मजीव जिवंत असतात, या साध्या गोष्टीपाशी. युरियाची गोणी गुदामात वर्षभर पडून राहिली तरी तिच्यातील नत्र जात नाही. जिवाणूंच्या पाकिटाचे तसे नाही. खत नियंत्रण आदेशात जैविक खतांचा समावेश २००६ मध्ये झाला. पावडरीच्या स्वरूपातील जिवाणू खतात दर ग्रॅमला किमान पाच कोटी आणि द्रवरूप खतात दर मिलिलिटरला किमान दहा कोटी जिवंत पेशी असल्या पाहिजेत, असे हे मानक सांगते. पण मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली, कीटकनाशकांच्या शेजारी ठेवलेल्या पाकिटात त्यांतील किती उरतात? ते बागायतदाराला डोळ्यांनी कळण्याचा काही मार्ग नाही. त्यात कायद्याचीही दोन घरे. मुळांना अन्न पुरवणारा जिवाणू खत नियंत्रण आदेशाखाली येतो, तर रोगाशी लढणारा ट्रायकोडर्मा १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली. निसर्गात एकच सूक्ष्मजीव ही दोन्ही कामे करतो, पण कागदावर त्याला एकच बाजू निवडावी लागते. २०२१ मध्ये जैवउत्तेजकांनाही खत नियंत्रण आदेशात आणले गेले. हे पाऊल योग्यच होते. तथापि दुकानातल्या पाकिटातील जीव जिवंत आहे की नाही, हा प्रश्न त्याने सुटला नाही.

या अडचणीतून वाट काढायची तर सूक्ष्मजीव देण्याची जागा बदलली पाहिजे. आज ते काम शेवटच्या माणसावर, म्हणजे बागायतदारावर टाकले जाते. दीड मीटर अंतरावर लागवड केली तर हेक्टरी ४,४४४ रोपे बसतात. तितक्या खड्ड्यांत पाकिटातली पावडर मोजून टाकणे, ती शेणखतात मिसळणे, आठवडाभर बुरशीनाशक न लावणे, ही सर्व पथ्ये त्याने ऐन लागवडीच्या घाईत पाळायची. रोपवाटिकेत मात्र शेकडो रोपे एका बाकावर मावतात. तेथे माध्यम निर्जंतुक असल्याने स्पर्धक नसतात, तापमान आटोक्यात असते, आणि ट्रेमधील मूठभर कोकोपीटमध्ये दिलेला डोस नव्या कोवळ्या मुळांना पहिल्या दिवसापासून भेटतो. रिकाम्या घरात जो आधी शिरतो तो सहसा टिकतो. सूक्ष्मजीवांच्या जगातही हाच न्याय चालतो. खर्चही तेथेच सर्वांत कमी येतो. याच टप्प्यावर मर टाळण्यासाठी अनेक ठिकाणी कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाची आळवणी करण्याचा प्रघात आहे. ते औषध मायकोरायझा आणि ट्रायकोडर्मा यांनाही घातक ठरते, हे ध्यानात घेऊन क्रम ठरवावा लागेल. एका हाताने मित्र आणायचे आणि दुसऱ्या हाताने मारायचे, यात अर्थ नाही.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये उतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धती सुरू केली. तिच्यात रोपे विषाणूमुक्त आहेत काय आणि मूळ जातीशी जुळतात काय, हे तपासले जाते. म्हणजे रोपासोबत काय येऊ नये, याची खातरजमा होते. काय यावे, याचे कलम त्यात घालणे हे पुढचे पाऊल ठरेल. मुळांचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मायकोरायझाची वस्ती झाली आहे की नाही हे सांगता येते. ते तंत्र जुने आहे आणि महागही नाही. 'जैविक हार्डनिंग केलेले रोप' अशी प्रमाणित वर्गवारी झाली तर बागायतदार पाकिटाऐवजी रोपाची पारख करू शकेल, आणि जबाबदारी ज्याच्याकडे प्रयोगशाळा आहे त्याच्यावर जाईल.

सरकारी पैशाचा ओघ कोणत्या दिशेने वाहतो, हेही येथे पाहिले पाहिजे. अष्टागरातल्याच थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा प्रचंड युरिया कारखाना १९८० च्या दशकापासून उभा आहे. ४५ किलोची युरियाची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि उरलेला मोठा भार सरकारी तिजोरी उचलते. या कारखान्याने देशाच्या अन्नसुरक्षेला हातभार लावला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र नत्राची गोणी इतकी स्वस्त असताना स्फुरद मोकळा करणाऱ्या जिवाणूकडे कोण वळणार? रासायनिक खतांचा वापर घटवणाऱ्या राज्यांना वाचलेल्या अनुदानातील वाटा देणारी 'पीएम-प्रणाम' योजना २०२३ मध्ये मंजूर झाली. त्या वाट्यातला थोडा भाग रोपवाटिकांतील जैविक हार्डनिंगला मिळाला, तर तो पाकिटे वाटण्यापेक्षा अधिक सत्कारणी लागेल.

रायगडपुरते बोलायचे तर साधने हाताशी आहेत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनला आहे, आणि खार जमीन संशोधन केंद्र पनवेलला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाला जिवाणू संवर्धने तयार करण्याचा अनेक दशकांचा अनुभव आहे. चौलची पुळण, मुरूडची जांभी आणि खाडीकाठची खारवट जमीन या तीन मातींत, एकाच खेपेची रोपे सूक्ष्मजीवांसह आणि त्यांवाचून लावून, दोन हंगामांचे घडांचे वजन व जगलेल्या रोपांची संख्या मांडली, तर बागायतदाराला हवे असलेले उत्तर मिळेल. जेथे उपयोग झाला नाही तेथला आकडाही तितक्याच ठळकपणे छापला गेला पाहिजे. ही चाचणी ग्रँड नैनपुरती न ठेवता राजेळी आणि वेलची या वाडीतल्या जुन्या जातींवरही घ्यावी. तसेच बाहेरच्या जिवाणूंआधी वाडीतल्याच मातीत तगलेले जिवाणू शोधावेत. पिढ्यान् पिढ्या शेणखत आणि पातेरा खाऊन पोसलेल्या, मचूळ पाण्याची सवय झालेल्या त्या मातीहून या किनाऱ्याला अधिक योग्य साठा कोठे मिळणार?

सूक्ष्मजीव चमत्कार करणार नाहीत, हे अखेरीस सांगणे आवश्यक आहे. सेंद्रिय पदार्थ नसलेल्या कोरड्या वाळूत ते उपाशी मरतात. पाण्याची सोय, वाऱ्याला अडवणारे कुंपण, वेळेवरची नुकसानभरपाई आणि घडाला मिळणारा भाव यांची जागा कोणताही जिवाणू घेऊ शकत नाही. त्यांचे काम छोटे आहे: रोप पहिल्या उन्हाळ्यातून तगवणे आणि घातलेल्या खताचा अधिक भाग त्याच्या मुखी लावणे. परंतु माड उभा राहीपर्यंतची सहा-सात वर्षे ज्याला केळीवर काढायची आहेत, त्याच्या हिशेबात शंभरातली दहा रोपे जगणे किंवा मरणे हा फरक छोटा नसतो. प्रयोगशाळेने या बागायतदाराला स्वच्छ रोप दिले, हे मोठेच काम झाले. आता त्या रोपाला त्याची सोबत परत देणे हे प्रयोगशाळेचे, रोपवाटिकेचे आणि त्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारचे काम आहे.